पदकाच्या मागचा पोपट

(ध्वनिमुद्रणावरून उतरवलेलं बोलणं. पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आवाज नीट येत असेल अशी आशा आहे, कारण मी हे पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्ड करतेय. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे.

मी मूळची कारंज्याची. वाशिम जिल्ह्यातलं कारंजा, कारंजा लाड. बीटेक झाले आणि तेव्हापासून सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतेय. दागिन्यांतलं माझं शिक्षण म्हणाल तर शून्य. पण गेली दोन वर्षं मी फावल्या वेळात एकाच विषयावर वाचतेय, लोकांना विचारतेय, दुकानांत उभी राहून बघतेय, आणि तो विषय म्हणजे मिना. जुन्या सोन्यावरचं ते रंगीत काचेचं काम. हे खूळ आमच्या घरातल्या एका पदकामुळे लागलं. त्या पदकाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती मी अजून बाबांना धड सांगितलेली नाही. बाबा हा कार्यक्रम ऐकतात, म्हणजे आज कळेलच.

तर पदक. साधारण दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, पानाच्या आकाराचं. आजीच्या सासूचं. पुढून बघाल तर काही खास नाही, पांढुरके, धुरकट खडे आणि त्यांच्या कडेनं दाबून बसवलेला सोन्याचा पत्रा. लहानपणी मला ते कधीच आवडलं नाही. मला आवडायची त्याची पाठ. पाठीवर दुधासारखी पांढरी जमीन, मधोमध एक लाल फूल, दोन पानं, आणि देठावर बसलेला हिरवा पोपट. पोपटाचं पंख म्हणजे माझ्या करंगळीच्या नखापेक्षा लहान, पण त्या हिरव्याच्या खाली बारीक रेघा दिसायच्या, पिसांच्या. पदक उजेडात हलवलं की त्या रेघा चमकायच्या.

आता गंमत अशी, की घातल्यावर हा पोपट कुणालाच दिसत नाही. तो आजीच्या लुगड्याकडे तोंड करून बसणार. मी एकदा विचारलं होतं, आजी, चांगली बाजू आत काहून? आजी म्हणाली, "लोकाईले खडे दाखवाचे. पोपट आपल्यासाठी."

नंतर वाचनात आलं की कुंदनच्या जुन्या कामात ही रीतच आहे. पुढे खडे, मागे मिना. कारण सांगतात ते व्यवहाराचं, की असलं सोनं फार मऊ असतं, अंगावर घासून झिजतं, आणि काच झिजत नाही. म्हणजे मिना हे आधी संरक्षण आणि मग शोभा. पण झीज थांबवायला नुसता एक रंग पुरला असता. पोपट कशाला काढायचा? त्या कारागिरानं तो काढला.

दागिन्यात निसर्ग आपल्याकडे काही नवीन नाही. तुम्ही नावंच बघा ना. बोरमाळ, जोंधळी पोत, चाफेकळी हार, बकुळीहार, गोखरू, मासोळ्या. अख्खं शेत आणि बांध गळ्यात आणि हातापायांत. कोल्हापुरी साजात तर बेलपान, कासव, मासा, भुंगा असे सगळे येतात. पण आपल्या मराठी दागिन्यात निसर्ग येतो तो आकारानं. बोरासारखा मणी, जोंधळ्याच्या दाण्यासारखा मणी. रंग सोन्याचाच. फार तर एखादं लाल-हिरवं माणिक-पाचू मध्ये. रंग भरून फूल काढणं, ते चित्र असणं, ही चाल वेगळ्या घरातली.

ती चाल कुठून आली? मुघल दरबारातून. जहांगीर १६२० मध्ये काश्मीरला गेला, तिथली फुलं बघून वेडा झाला, आणि त्याचा चित्रकार मन्सूर यानं शंभराहून जास्त फुलं रंगवली असं जहांगीरनं स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवलंय. शाहजहानच्या काळात ही फुलं सगळीकडे गेली. ताजमहालाच्या भिंतीवर, कापडावर, आणि सोन्यावर. जयपूरची मिनाकारी तर प्रसिद्धच आहे. आमेरच्या राजा मानसिंगानं लाहोरहून कारागीर आणले अशी तिची कथा सांगतात. १८८६ मध्ये जेकब आणि हेंडली या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी जयपूरच्या मिन्यावर एक अख्खं पुस्तक काढलं. इकडे बनारसचा गुलाबी मिना आहे, तिकडे हैदराबादचं काम आहे.

मिना हा शब्द तुम्हाला पैठणीमुळे माहीत असेल. येवल्याचे विणकर बुट्टीच्या आत जो वेगळा रंग भरतात त्यालाही मिनाच म्हणतात. धाग्यातला असो की काचेतला.

कारंज्यात असलं पदक कसं आलं, तर त्याचं मला फार आश्चर्य वाटत नाही. आज कारंजा म्हटलं की लोकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आठवतं, गुरुमंदिर आठवतं. पण हे गाव मोठ्या व्यापाराचं होतं. जैन मंदिरं, लाकडावरचं कोरीव काम, पेढ्या. कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक पोराला माहीत असते, की एका सावकारानं आलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि घराच्या चुन्यात कालवली. खरी-खोटी सोडा, पण ज्या गावात लोक अशा गोष्टी रचतात तिथे जयपूरकडचं एखादं पदक येणं काही अवघड नाही.

आता मिना करतात कसा, ते सांगते. हा भाग माझा सगळ्यात आवडता आहे, थोडा वेळ घेईन.

आधी चितेरा आकृती काढतो. मग सोनार वस्तू घडवतो. मग खोदणारा सोन्यात फुलापानाच्या आकाराचे उथळ खड्डे करतो आणि खड्ड्याच्या तळाशी बारीक रेघा मारतो. मी म्हटलं ना, पोपटाच्या पिसांच्या रेघा, त्या ह्या. रंगात त्या काढलेल्याच नसतात. सोन्यात खोदलेल्या असतात, आणि वरच्या पारदर्शक काचेतून दिसतात. शिवाय काच धरून ठेवायलाही त्या खरखरीतपणाचा उपयोग होतो. मग मिनाकार. त्याच्याकडे रंग म्हणजे काचेचे तुकडे असतात, धातूंची भस्मं घालून बनवलेले. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा. ते खलात पाण्याबरोबर बारीक वाटायचे, धुवायचे, आणि सुईसारख्या हत्यारानं त्या खड्ड्यात भरायचे. वाळवायचं आणि भट्टीत घालायचं. ८०० अंशांच्या आसपास काच वितळून बसते. शुद्ध सोनं वितळतं १०६४ ला. म्हणजे या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत ही सगळी कला उभी आहे.

आणि सगळे रंग एकदम भरता येत नाहीत! प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. ज्याला जास्त आच लागते तो रंग आधी, मग त्याहून नाजूक, मग त्याहून नाजूक. पांढरा सुरुवातीला, लाल शेवटी. लाल सगळ्यात हट्टी, जरा जास्त तापला की गेलाच. म्हणजे आमच्या पदकात आधी दुधी जमीन भाजली गेली, मग पोपट आला, आणि फूल सगळ्यात शेवटी उमललं. आमच्या कामात एक गोष्ट बिघडली तर मागच्या आवृत्तीवर परत जाता येतं. इथे चौथ्या भट्टीत लाल करपला तर आधीच्या तिन्ही भट्ट्या पाण्यात.

मग घासणं, चमकवणं, चिंचेच्या पाण्यात उकळून साफ करणं. एवढं झाल्यावर पुढची बाजू. पोकळीत लाख भरायची, त्यावर खडे, आणि शुद्ध सोन्याचा पातळ पत्रा कडेनं दाबत दाबत खडे पक्के करायचे. हे लक्षात ठेवा, की लाख सगळ्यात शेवटी येते, कारण लाखेला आच सोसत नाही. पुढे याचा संबंध आहे.

बरं. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. सोयाबीनचा भाव पडलेला, बाबांनी माल घरातच थोपवून ठेवलेला, आणि धाकट्या भावाची फी भरायची. बाबांनी ठरवलं की जुनं सोनं मोडायचं. आजीची एकदाणी, बोरमाळ आणि हे पदक. मी पगार देते म्हणाले तर बाबा म्हणाले, तुझ्या पैशावर घर चालवायची वेळ अजून आली नाही. तो वाद मी इथे पुन्हा उगाळत नाही. आजी काहीच बोलली नाही. नुसतं डबी हातात देताना म्हणाली, "पोपट इकून किती येतीन बाप्पा?"

मी बाबांबरोबर दुकानात गेले. सोनारकाका ओळखीचे, भला माणूस. त्यांनी एकदाणी आणि बोरमाळ तोलली, मशीनवर टंच बघितला, आकडा सांगितला. मग पदक घेतलं. मशीन म्हणजे ते क्ष-किरणांचं, वस्तू आत ठेवली की शुद्धता पडद्यावर येते. पुढची बाजू ठेवली तर ९८ च्या वर शुद्धता! बाबांचा चेहरा उजळला. काका हसले. म्हणाले, मशीन वरचा पापुद्राच वाचते, आणि वर कुंदनाचा शुद्ध पत्रा आहे. कडेवर धरलं, आकडा खाली आला. मग सहज उलटं ठेवलं, पोपट खाली करून, तर पडद्यावर शिसं. काचेतलं शिसं. मशीनच्या लेखी आमचा पोपट म्हणजे भेसळ.

पदकाचं वजन भरलं साडेअठरा ग्रॅमच्या आसपास. काकांनी हिशोब मांडला. खडे बिल्लोराचे, त्याला किंमत नाही, ते वजा. लाख वजा. मिना वजा. मग घट. राहतं निम्मं. मी विचारलं, काका, वितळवलं की मिन्याचं काय होतं? म्हणाले, टाकणखाराबरोबर वर मळी येते ना, त्यात जातो. मळी फेकून देतो.

मंडळी, मला त्या क्षणी कळलं की जुना मिना इतका कमी का दिसतो. चोरीला गेला नाही की झिजला नाही, मोडीत गेला. सोनं कुठेच जात नाही, ते परत परत नव्या दागिन्यात येतं. आज तुमच्या अंगठीत कुणाच्या तरी पणजीची बांगडी असणार. पण त्या बांगडीवरचं फूल मळीत गेलं. शेकडो वर्षं तराजू त्याला घाण म्हणून वजा करत आला. त्यात १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी. ती अट पुढे १९६६ मध्ये उठली, पण १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा थेट १९९० पर्यंत होता. चौदा कॅरेटात तांबं-चांदी इतकी की भट्टीत धातू काळवंडतो, त्यावर हे पारदर्शक काम खुलत नाही. किती कारागिरांनी त्या वर्षांत हत्यारं खाली ठेवली असतील.

पदक वाचलं. माझ्यामुळे वाचलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण नाही. निम्म्याच सोन्याचे पैसे येणार म्हटल्यावर बाबाच म्हणाले, राहू दे. म्हणजे किंमत नव्हती म्हणून ते वाचलं. एकदाणी आणि बोरमाळ गेली. बोरमाळेबद्दल मी तोंड उघडलं नाही, कारण मनात म्हटलं, बोरमाळ कोणताही सोनार पुन्हा घडवील. हे खरंय, आणि तरी ती आजीची नव्हे. तेही मला नंतर सुचलं.

त्याच काळात पॅरिसमध्ये काय चाललं होतं, माहितीये? म्हणजे आजीची सासू लहान असेल तेव्हा. रेने लालिक नावाचा जवाहिऱ्या मिन्याचे पंख असलेली चतुर-बाई घडवत होता. चतुर म्हणजे तो किडा, तळ्यावर उडतो तो. १८९७-९८ चं काम आहे, आज लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. त्यातल्या पंखांना मागे धातूच नाही. नुसती तारेची चौकट आणि मध्ये काच, खिडकीसारखी, उजेड आरपार जातो. मी त्याचे फोटो कितीतरी वेळा मोठे करून बघितलेत. कमाल आहे. पण एक सांगू? लालिकनं चतुर सगळ्या जगासमोर ठेवला. आमचा पोपट लुगड्याकडे तोंड करून बसलेला. मला आमचा जास्त जवळचा वाटतो.

आता चूक.

पदकाची वरची कडी झिजून तुटली होती. मी ते पुण्याला आणलं, आजीला नीट करून परत द्यायचं म्हणून. शहरातलं एक चकाचक दुकान. मी सांगितलं, कडी जोडून द्या. त्यांनी विचारलं, डाग देऊन टाकू? मी म्हटलं, द्या. एवढंच. मला तेव्हा मिना म्हणजे काच, काचेला अचानक आच लागली की ती तडकते, आत लाख आहे, ती वितळते, हे सगळं माहीत होतं. अहो, मी वाचलं होतं! पण वाचलेलं डोक्यात एका कप्प्यात आणि दुकानातला प्रश्न दुसऱ्या. दोन कप्प्यांची गाठच पडली नाही. तासाभरानं पदक हातात आलं तेव्हा कडी छान झाली होती. एक खडा हलत होता. आणि पोपटाचं पंख उडालेलं होतं. तिथे रेघा मारलेलं उघडं सोनं. काचेची बारीक हिरवी चकती प्लॅस्टिकच्या पिशवीत खाली पडलेली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ताई, हिरवा रंग भरून देतो, कळणारही नाही.

तो रंग म्हणजे रेझिन. आज बाजारात "मीनाकारी" म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं हेच असतं, हवेत वाळणारं किंवा थोड्याशा उष्णतेनं सुकणारं. ओळखायचं कसं, तर भिंगातून बघा. खऱ्या मिन्याचा पृष्ठभाग सोन्याच्या सपाटीला घासून आणलेला असतो, रेझिन थेंबासारखं वर फुगतं. खऱ्यात हिरव्याखाली कोरीव रेघा दिसतात, रेझिनखाली बहुतेक वेळा काहीच नसतं. गालाला लावलं तर काच गार लागते. सुईनं टोचून मात्र बघू नका. आणि जुना मिना असेल तर तो त्या थरथरणाऱ्या पाण्याच्या मशीनमध्ये धुऊ देऊ नका, एक बारीक चीर असली तरी तुकडा निघतो.

मी रंग भरू दिला नाही. हिरवी चकती गोळ्यांच्या डबीत कापसावर ठेवली.

जखमेवर मीठ म्हणजे, नंतर मला एका जाणत्या माणसानं सांगितलं की अशा दागिन्याला कडी तुटली तर आचेजवळ न्यायचंच नसतं. पटवेकऱ्याकडे न्यायचं. रेशमाच्या गोफात गाठवून घ्यायचं. जुन्या कुंदनाच्या दागिन्यांना रेशमी दोरे असतात ते नुसते शोभेला नाहीत. तिथे आच टळते. आणि गाठवणावळ काय, तर माझ्या एका वेळच्या कॉफीएवढी. कारंज्यात असं काम करणारे एक काका आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बसतात. मी लहानपणापासून त्यांच्या समोरून शाळेत गेले.

आजीकडे पदक घेऊन गेले. तिला मोतीबिंदू आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. म्हटलं, दिसणार नाही, हळूहळू सांगू. तिनं पदक हातात घेतलं, उलटं केलं, आणि अंगठा फिरवला. ती तेच करते, कायम करत आलीये, देवाचं नाव घेताना सुद्धा अंगठा त्या पाठीवर. मी इतकी वर्षं बघितलं पण माझ्या लक्षातच आलं नव्हतं की पोपट तिच्यासाठी बघायचा नव्हताच, हाताला लागायचा होता. अंगठा थांबला.

"इथं खरबरीत लागते," आजी म्हणाली.

मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. डबी उघडून दाखवली तर म्हणाली, "ठिव. पंख हाये ना त्याचं." मग विषय बदलावा म्हणून मी म्हटलं, आजी, हे फूल अफूचं आहे बरं का. मुघलांच्या कामात अफूची फुलं फार असतात, मी वाचलंय. आजीला ते मुळीच पटलं नाही. "अफू कोनी गळ्यात घालते काय? सावरीचं फूल हाये ते. लाल. पोपट सावरीवरच येते." आता काटेसावर आमच्याकडे बांधाबांधावर आहे, माघ-फाल्गुनात एकही पान नसतं आणि झाड लालभडक होतं, आणि पोपट-साळुंक्यांचा नुसता कालवा असतो त्यावर. मी पाकळ्या मोजल्या. पाच आहेत. सावरीला पाचच असतात. जयपूरच्या कारागिरानं सावर डोळ्यांपुढे ठेवली असेल असं मला वाटत नाही, पण त्या अंगठ्याखाली साठ वर्षं सावरच होती.

पंख पुन्हा भट्टीत लावता येईल का, हेही मी विचारलं. येतं. पण त्यासाठी आधी सगळे खडे काढायचे, लाख पूर्ण काढायची, आणि मग बाकीचा मिना पुन्हा त्या आचेतून न्यायचा. लाल टिकेल याची खात्री कुणीही दिली नाही. म्हणून मी ते केलेलं नाही.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या काकांकडून पदक काळ्या रेशमात गाठवून आणलं. पुण्यातली ती कडी तशीच आहे, दोरा तिच्यातून न नेता मागच्या जुन्या नाकीतून नेलाय. हलणारा खडा काकांनी बघितला आणि म्हणाले, याला हात लावत नाही, पडला तर उचलून ठेवा. आजीनं तिथेच दुकानाच्या पायरीवर बसून पदक गळ्यात घातलं, पोपट आत. डबी तिच्या उशाखाली आहे. आणि बाबा, डागाचं "द्या" मी म्हटलं होतं, दुकानदारानं आपल्या मनानं केलं असं जे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, ते तसं नव्हतं.

चला, कपाटात गरम व्हायला लागलंय. इथेच थांबते.